उतार : पाण्यातील हालचालीच्या नियमांच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार, परभणी

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या आमच्या मराठी रोलप्लेइंग खेळाची नियमपुस्तिका जमिनीवरच्या हालचालीपर्यंत लिहून झाली असून आजपासून पाण्याचे प्रकरण हाती घेतले आहे. खेळातला मुलूख गोदाखोऱ्याच्या धर्तीवर बेतलेला असल्यामुळे ओढा, डोह, गाळ किंवा पूर आला नाही असे सत्र क्वचितच होते, आणि आजवर प्रत्येक वेळी सूत्रधार, म्हणजे प्रसंग मांडून निवाडा देणारा, म्हणून मी ऐनवेळी काहीतरी निर्णय देऊन वेळ निभावून नेली. एकाच ओढ्यासाठी दोन सत्रांत मी दोन वेगळे निर्णय दिले, हे मागच्या महिन्यात खेळाडूंच्या लक्षात आले. त्यांची तक्रार रास्त होती.

पुढच्या नोंदींसाठी मापे येथेच लिहून ठेवतो. पटावरच्या चौकोनाला आम्ही ‘घर’ म्हणतो. एका घराची बाजू पाच फूट, म्हणजे साधारण दीड मीटर. एक फेरी सहा सेकंदांची, आणि साधे पात्र आपल्या पाळीत सहा घरे चालते. ही मापे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध इंग्रजी रोलप्लेइंग खेळाची आहेत आणि आमच्या चारही खेळाडूंना ती पाठ असल्यामुळे ती बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

९ जून २०२४, रविवार

आज प्रचलित नियम शेजारी शेजारी ठेवून वाचले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत अवघड भूभागावर एक फूट जाण्यासाठी दोन फुटांची चाल खर्ची पडते, पोहतानाही तोच हिशेब लागतो, आणि अवघड पाण्यात पोहायचे असेल तर एका फुटाला तीन फूट मोजावे लागतात. पाणी खवळलेले असेल तर सूत्रधाराने वाटल्यास ताकदीची कसोटी (फासा टाकून ठरलेला आकडा गाठणे) मागावी असेही तेथे म्हटले आहे. पण ती फसली तर पात्र पुढे सरकत नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ निघतो. पाणी त्या पात्राला कोठे नेते, हे त्या वाक्यात नाही.

त्याच खेळाच्या २००३ च्या साडेतीन क्रमांकाच्या आवृत्तीतले नियम अधिक कडक आहेत. शांत पाण्याला १०, खवळलेल्याला १५ आणि वादळीला २० असा आकडा गाठावा लागतो, पाच किंवा त्याहून अधिकने चुकल्यास पात्र पाण्याखाली जाते, उथळ दलदलीच्या एका घराला दोन घरांची आणि खोल दलदलीच्या घराला चार घरांची चाल लागते, आणि लहान चणीच्या पात्राला खोल दलदलीत पोहावेच लागते. ‘पाथफाइंडर’ या तशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट सापडली : जो पाण्यात आपली पाळी संपवतो आणि त्या पाळीत त्याचे पोहणे एकदाही साधलेले नसते, तो दहा फूट बुडतो किंवा प्रवाहाबरोबर वाहत जातो.

एवढे वाचून माझे मत असे झाले आहे की बहुतेक नियम पाण्याकडे संथ जमीन म्हणून पाहतात. चाल निम्मी झाली की खेळाडू एक फेरी जास्त मोजतो आणि पैलतीरी पोहोचतो; त्याने घेतलेला कोणताही निर्णय पाण्यामुळे बदलत नाही. ज्याने नदीत पाय घातला आहे त्याला ठाऊक असते की जमीन माणसाला अडवते, पण पाणी माणसाला नेते. या प्रकरणाचा पाया तोच ठेवायचा आहे.

१६ जून २०२४, रविवार, गंगाखेड तालुका

मामांच्या गावी आलो आहे. पाऊस नुकता सुरू झाला असून गोदावरीच्या पात्रात अजून डोहांपुरतेच पाणी आहे. मामांचे तरुणपण याच काठावर गेले. पूल व्हायच्या आधी बैलगाडी, म्हशी आणि बाजाराचे ओझे घेऊन ते उताराने पलीकडे जात असत. ‘उतार’ म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा, हे नव्या वाचकासाठी पुस्तिकेत सांगावे लागेल. प्रकरणाचे नावही मी तेच ठेवणार आहे.

मी त्यांना विचारत होतो पाणी किती फूट असायचे, आणि ते उत्तर देत होते घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, पुरुषभर. चार-पाच प्रश्नांनंतर माझ्या लक्षात आले की मला हवे असलेले कोष्टक ते तोंडानेच सांगत आहेत. फुटांत खोली लिहिली की बुटक्या पात्रासाठी वेगळी ओळ, उंच पात्रासाठी वेगळी ओळ आणि घोड्यासाठी तिसरीच ओळ लिहावी लागते. अंगाच्या मापाने खोली लिहिली की ती ओळ लागतच नाही, कारण मामांना गुडघाभर असलेले पाणी त्यांच्या लहानग्या नातवाला कंबरभर असते आणि नियम त्या नातवाला आपोआप अधिक कठीण जातो.

पाण्यात कसे चालावे हेही विचारले. “काठी वरच्या अंगाला रोवायची अन् तोंड पाण्याकडंच ठेवायचं,” असे म्हणून त्यांनी अंगणातच पावले टाकून दाखवली : आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा, आणि एका वेळी तीनपैकी दोन टेकू कायम जमिनीवर. पात्र जेथे रुंद पसरलेले दिसते तेथे उतार शोधावा, कारण तेवढेच पाणी तेथे पसरून उथळ झालेले असते. वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साचते आणि बाहेरच्या बाजूला कड कापली जाऊन डोह होतो, हेही त्यांनी सांगितले. नकाशे काढताना हे दोन्ही उपयोगी पडणार आहेत. आजवर माझ्या नकाशांतल्या नद्या दोन समांतर रेघांच्या होत्या, आणि खेळाडूने त्या कोठेही ओलांडल्या तरी फरक पडत नव्हता.

३० जून २०२४, रविवार

पहिली चाचणी. चाल अशी ठरवली : घोटाभर पाण्यात नेहमीची, गुडघाभर पाण्यात एका घराला दोन घरांची, कंबरभर आणि छातीभर पाण्यात तीन घरांची, पुरुषभर पाण्यात पोहावे लागते आणि एका घराला दोन घरांची चाल जाते. कंबरभर पाण्यात चालणे पोहण्यापेक्षा संथ ठरल्याबद्दल एका खेळाडूने हरकत घेतली, परंतु कंबरेएवढ्या पाण्यातून चालणाऱ्याचा वेग जमिनीवरच्या वेगाच्या निम्म्यापासून एक तृतीयांशापर्यंत उतरतो, आणि ज्याला पोहता येते तो अशा ठिकाणी आडवा होऊन पोहणे पसंत करतो. नियम तसाच ठेवला.

प्रवाहाला ‘ओढ’ म्हटले. पाण्याला ओढ आहे, हा बोलण्यातला शब्द असल्यामुळे तो समजावावा लागला नाही. ओढीचा आकडा म्हणजे एका फेरीत पाणी जितकी घरे खालच्या अंगाला नेते तितकी घरे. सेकंदाला पाव मीटर वाहणारे पाणी सहा सेकंदांत दीड मीटर जाते, म्हणजे ओढ १. अर्धा मीटर असेल तर ओढ २. एक मीटर असेल तर ओढ ४. हा मेळ इतका नेमका बसला की मी तो दोनदा तपासून पाहिला.

चाचणी मात्र फसली. ओढ ४ च्या सहा घरे रुंद नदीत पोहणाऱ्या पात्राला पलीकडे जायला दोन फेऱ्या लागल्या आणि तेवढ्यात ते आठ घरे खाली गेले; दोन पात्रे पटाच्या कडेवरून बाहेर पडली आणि ती कोठे आहेत याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. चूक नियमाची नसून नकाशाची आहे. पुढच्या वेळी नदीच्या खालच्या अंगाला आणखी एक कागद जोडायचा आणि त्यावर वळण, वाळू, पडलेले झाड व बंधारा आधीच काढून ठेवायचा.

१४ जुलै २०२४, रविवार

मामांच्या शेताजवळच्या ओढ्याला परवाच्या पावसाने पाणी आले आहे. फरशी पुलापासून नऊ मीटरवर काठाला खूण केली आणि पुलावरून कडब्याचा तुकडा टाकून मोबाइलवर वेळ मोजली. पाच वेळा मोजल्यावर सरासरी बारा सेकंद आले, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटर, ओढ ३. पृष्ठभागावरचे पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे खरी सरासरी याहून काहीशी कमी असणार. खेळासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

कंबरेला दोर बांधून, दोराचे टोक मामांच्या हातात देऊन, मी गुडघाभर पाण्यात उतरलो. उभे राहता आले. पाऊल उचलले की मात्र उरलेल्या एका पायाखालची वाळू टाचेमागून सरकत असल्याचे स्पष्ट जाणवले. पाण्यात स्थिर उभे राहणे ही काहीही न करण्याची स्थिती नाही, तिच्यासाठीही श्रम पडतात, ही गोष्ट मला त्या दोन मिनिटांत नीट कळली.

२१ जुलै २०२४, रविवार

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा नियम आज बसला, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न असा होता की पाण्यात पाय टेकलेल्या पात्राने फासा केव्हा टाकावा. प्रत्येक घराला टाकला तर खेळ रेंगाळतो, कधीच टाकला नाही तर पाणी पुन्हा संथ जमीन होते. पूरसुरक्षेच्या ऑस्ट्रेलियन मार्गदर्शक सूचनांमध्ये याचे उत्तर सापडले. तेथे पाण्याची खोली मीटरमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन दोहोंचा गुणाकार करतात. प्रौढ माणसासाठी तो ०.६ पर्यंत असेल तर धोका कमी धरतात, १.२ च्या पुढे गेला तर पराकोटीचा धरतात, आणि मुलांसाठी कमी धोक्याची मर्यादा ०.४ वर आणतात. खोली एकटी किंवा वेग एकटा पुरेसे सांगत नाही. दोहोंचा गुणाकार सांगतो.

आपल्या मापांत हे असे उतरते. गुडघाभर पाण्याला १, कंबरभराला २ आणि छातीभराला ३ हा अंक दिला आणि त्याला ओढीने गुणले. गुणाकार ४ पर्यंत असेल तर फासा नको. ५ ते ९ असेल तर पाण्यात संपणाऱ्या प्रत्येक पाळीला वीस बाजूंच्या फाशात पात्राच्या ताकदीचा अंक मिळवून ‘सहा अधिक गुणाकार’ एवढा आकडा गाठावा. १० किंवा अधिक असेल तर कोणाचाही पाय टिकत नाही, पात्र वाहू लागते. गुडघाभर पाणी आणि ओढ ४ असताना माणूस उभा राहतो. कंबरभर पाणी आणि तीच ओढ असेल तर त्याला १४ गाठावे लागतात. छातीभर पाण्यात त्याला फासाच मिळत नाही. मूळ सूचनांतल्या मर्यादांशी हे आकडे जवळपास जुळतात, आणि खेळाडूला दशांश चिन्ह दिसतही नाही.

छातीभर पाण्यात एवढा फरक का पडतो, हे एका खेळाडूने विचारले. बेंबीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याचे जवळपास निम्मेच वजन उरते आणि छातीपर्यंत सुमारे एक तृतीयांश. म्हणजे पाण्याचा रेटा अधिक अंगावर येतो आणि त्याच वेळी तळाशी धरून ठेवणारे वजन कमी होत जाते. मला हे उत्तर नियमाइतकेच आवडले, म्हणून ते पुस्तिकेच्या समासात छापणार आहे.

काठी असेल तर गुणाकार १ ने कमी होतो. तिघे किंवा अधिक जण एकमेकांना धरून, सर्वांत धट्टाकट्टा वरच्या अंगाला ठेवून चालले तर २ ने कमी होतो, पण मग सर्वांची चाल सर्वांत संथ पात्राएवढी धरावी.

२८ जुलै २०२४, रविवार

वाहणे नेमके केव्हा घडते, यावर आजचे अर्धे सत्र गेले. मी ते प्रत्येक पात्राच्या पाळीच्या शेवटी ठेवले होते. त्यामुळे एकाच दोराला बांधलेली दोन पात्रे काही क्षण पाच घरांनी दूर झाली, दोर तुटला की नाही यावर वाद झाला आणि दोघांचेही म्हणणे नियमाला धरून होते. आता फेरीच्या शेवटी ‘नदीची पाळी’ ठेवली आहे. तिच्यात पाण्यातली सर्व वाहती पात्रे, ओंडके, होड्या आणि सुटलेली गाठोडी एकदमच ओढीएवढी खाली जातात, आणि दोर लावलेला असेल तर तो त्याच क्षणी ताणला जातो. काठावरच्याने दोर धरला असेल तर वाहणारे पात्र खाली जाता जाता त्याच काठाला लंबकासारखे झुलत येऊन लागते, हेही नियमात घातले.

वाहत्या पात्राला पुढच्या पाळीत तीनपैकी एक करता येते : हाताशी आलेले काही धरणे, पाण्याबरोबर जात तिरके काठाकडे सरकणे, किंवा तळ लागत असेल तर उभे राहण्याचा प्रयत्न करणे. प्रवाहाविरुद्ध पोहायचे असेल तर आधी ओढीचा आकडा चालीतून वजा होतो. पोहण्याची चाल तीन घरांची असल्यामुळे ओढ ३ असली की पात्र जागच्या जागी राहते आणि त्यापुढे मागेच जाते. नवखा खेळाडू आधी हेच करून पाहतो आणि एका फेरीत शिकतो.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

गाळ आणि काळी माती. आमच्याकडची भारी काळी जमीन बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चपलेला अशी धरते की चार पावलांत चप्पल ओळखू येत नाही. अशा जमिनीला दोन घरांची चाल लावून भागणार नाही, कारण तिचा त्रास अंतराचा नसून थांबण्याचा आहे. चालता माणूस कसाबसा चालत राहतो; थांबला की पाय रुततो आणि तो उपसून काढावा लागतो.

म्हणून गाळात एका घराला दोन घरांची चाल लागते, आणि जो गाळात पाळी संपवतो त्याला पुढच्या पाळीत पहिले पाऊल उचलण्यासाठी आणखी दोन घरांची चाल द्यावी लागते. लढाईत याचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा झाला : गाळात उभे राहून वार करण्याऐवजी खेळाडू शत्रूला गाळात थांबायला लावू लागले. पादत्राणे हातात घेतलेल्या पात्राला ते उपसणे एका घरातच जमते, पण काटा-काच लागण्याचा धोका पत्करावा लागतो.

जलपर्णीला वेगळा नियम केला नाही. ती गाळाप्रमाणेच मोजावी, मात्र तिच्याखालची खोली खेळाडूला सांगू नये.

१० ऑगस्ट २०२४, शनिवार

गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनाची लढाई १७६३ साली आजच्याच तारखेला झाली. निजाम आपल्या सैन्याचा एक भाग घेऊन गोदावरीपलीकडे गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर होता आणि नदी चढलेली होती. माधवराव पेशव्यांनी त्या अलीकडच्या फौजेवर हल्ला केला, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि निजामाला पैलतीरावरून मदत पाठवता आली नाही.

नियमाच्या दृष्टीने यात मोठी शिकवण आहे. उताराचा खरा धोका बुडण्याइतकाच दुभंगण्याचा असतो. सर्व पात्रे एकाच फेरीत पलीकडे जात असतील तर तो प्रसंग उभाच राहत नाही. म्हणून सूत्रधारासाठीच्या भागात लिहिले की नदीची रुंदी अशी निवडावी की निम्मी मंडळी पैलतीरी आणि निम्मी ऐलतीरी अशी किमान दोन फेऱ्यांची स्थिती यावी.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

चिलखताचा प्रश्न वाटला होता त्याहून गुंतागुंतीचा निघाला. साडेतीनच्या आवृत्तीत पोहताना चिलखताची वजावट, म्हणजे त्याच्या अडचणीपोटी फाशातून वजा होणारा अंक, दुप्पट धरत. २०१४ च्या आवृत्तीत पोहण्यासाठी अशी वजावटच नाही, आणि ती मला उणीव वाटते. परंतु पाय टेकलेले असेपर्यंत वजन माणसाला मदत करते. म्हणून जड चिलखत किंवा डोक्यावरचे ओझे उभ्या पात्राचा गुणाकार १ ने कमी करते, आणि तेच पात्र वाहू लागले की पोहण्याची त्याची चाल एका घरावर येते. ओझे टाकून देणे ही एक पूर्ण कृती आहे. कोणते ओझे टाकायचे, यावर आज टेबलाशी बराच वेळ शांतता होती.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

रविवारचे सत्र झाले नाही. १ आणि २ सप्टेंबरला परभणी, हिंगोली, नांदेड या भागांत अतिवृष्टी झाली, आणि काल पोळा असूनही बैल सजवण्याच्या मनःस्थितीत गावात फारसे कोणी नव्हते. मामांचा कापूस आणि सोयाबीन पाण्यात आहे. मामा-मामी सुखरूप आहेत.

रात्री कच्चा खर्डा उघडला तेव्हा त्यातला एक नियम मला वाचवेना. गुणाकार १० च्या वर असलेली नदी ओलांडल्यास दुप्पट अनुभवगुण (पात्राची प्रगती मोजणारे गुण) द्यावेत, असे मी जुलैमध्ये लिहिले होते. तो नियम काढून टाकला आहे. चढत्या पाण्यात उतरणाऱ्याला बक्षीस देणारा खेळ या भागात लिहिला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. बक्षीस द्यायचेच तर पलीकडे अडकलेल्याला आणण्याबद्दल द्यावे, आणि तेही दोर, काठी व माणसे जमवून आणल्यास.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

काढलेल्या नियमाच्या जागी ‘थांबणे’ हा नियम घातला आणि आज तो खेळून पाहिला. आमच्याकडचे ओढे पावसाने काही तासांत चढतात आणि पाऊस थांबल्यावर तसेच काही तासांत ओसरतात. म्हणजे वाट पाहणे हाही ओलांडण्याचाच एक मार्ग आहे, आणि प्रचलित नियमांत मला तो कोठे दिसला नाही. प्रत्येक प्रहराला सूत्रधार सहा बाजूंचा फासा टाकतो. वरच्या अंगाला पाऊस चालू असेल तर ४ किंवा अधिक पडल्यास ओढ १ ने वाढते; पाऊस थांबलेला असेल तर ३ किंवा अधिक पडल्यास ती १ ने उतरते, आणि ओढ दोनदा उतरली की पाणी एका मापाने कमी होते, म्हणजे छातीभराचे कंबरभर होते. काठावर खुणेचा दगड मांडून ठेवणाऱ्या पात्राला पाणी चढतीवर आहे की उतरतीवर, हे फाशाशिवाय कळते.

आजच्या प्रसंगात पैलतीरी एक आजारी म्हातारी होती आणि वैद्याची भूमिका माझ्या आत्तेबहिणीकडे होती. पाणी छातीभर, ओढ ४. खेळाडू दोन प्रहर थांबले, ओढ ३ वर आली, मग २ वर, आणि छातीभराचे पाणी कंबरभर झाले. तेव्हा गुणाकार ४ उरला आणि ते एकही फासा न टाकता, दोर धरून, ओळीने पलीकडे गेले. त्या दोन प्रहरांत म्हातारीचा ताप किती चढला, हे ठरवण्याचा नियम मात्र माझ्याजवळ नव्हता. तो आजाराच्या प्रकरणात लिहावा लागेल. त्याची जुळणी या प्रकरणातल्या प्रहरांशी करायची आहे, म्हणून दोन्ही वह्या उद्या शेजारी ठेवून बसणार आहे.